उदाहरणादाखल शिंपीमास्तर

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या एका ओळीने या शहरातल्या गाड्या वेड्यासारख्या धावल्या आहेत. त्याच ओळीने एका सरळ माणसाला चंचल ठरवले आहे. आणि शेवटी त्या माणसाला वाचवलेही मीच. पाहा, मागच्या रांगेत हसायला सुरुवात झाली. हसा बापडे. मी वाद घालणार नाही. फार थकलो आहे.

मी एक जुना मजकूर आहे. पुस्तकातला नव्हे, वर्तमानपत्रातला तर नव्हेच. मी एका टूलचा माहितीचा मजकूर आहे. टूल म्हणजे संगणकातले अवजार, आणि ते अवजार कसे वापरायचे हे सांगणारा तो मी. या कचेरीतली मंडळी मला तोंड भरून 'डॉक्युमेंटेशन' म्हणतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तुमच्या शाळेने तुम्हाला इथे संगणकांचे काम पाहायला आणले. इथल्या ताईंनी मला या भिंतीवरच्या पडद्यावर उघडले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तुमच्या बाईही पाणी प्यायला गेल्या. म्हणजे आता खोलीत तुम्ही आणि मी. तेव्हा शांत बसा, आणि ती खुर्ची गरागरा फिरवणे बंद करा. मला चक्कर येते.

ही कचेरी आजारी माणसांची ने-आण करणाऱ्या गाड्यांची. ज्यांना आठवड्यातून ठरलेल्या वारी दवाखान्यात जावे लागते, पण बस चढवत नाही, त्यांच्या दारात आमची गाडी उभी राहते. पूर्वी हे सगळे फोनवरच्या काकू एकट्या सांभाळत. कानाला फोन, तोंडात पेन, समोर थंड झालेला चहा. मग गाड्या वाढल्या, माणसे वाढली, आणि साहेबांनी फोन घ्यायला एक एआय एजंट आणला.

एजंट म्हणजे कोण? कचेरीत त्याचे नाव सांगकाम्या. तो हाडामांसाचा नाही, संगणकातला आहे. गोड बोलतो, दमत नाही, रजा मागत नाही. पण त्याची एक गंमत आहे. त्याला काहीही काम करायचे झाले की तो आधी त्या कामाचे टूल उचलतो आणि त्या टूलचा मजकूर वाचतो. मजकुरात असेल ते करतो. नसेल तर अंदाज बांधतो, आणि तो अंदाज इतक्या आत्मविश्वासाने बांधतो की ऐकणाऱ्याला वाटावे, हा लहानपणापासून हेच करत आला आहे.

माझे टूल होते 'फेरी बदल'. एखाद्याची गाडी मंगळवारऐवजी बुधवारी हवी असेल, सकाळऐवजी दुपारी हवी असेल, तर ती हलवण्याचे.

माझा जन्म जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर झाला. टूल बनवणारा प्रोग्रामर हुशार होता, पण त्याच्या मागे सदा वाघ लागलेला असे. सगळे त्याला घाईकर म्हणत. त्याने टूल बनवायला पुष्कळ दिवस घेतले आणि माझ्यासाठी मात्र डबा उघडण्यापूर्वीचा एक श्वास. "फेरी बदलते. फेरीचा नंबर, नवा दिवस आणि नवी वेळ द्या." बस. एवढाच माझा देह.

शेजारी बसणारी म्हणाली, "अरे, नंबर कुणाकडे नसला तर काय करायचं, ते लिही ना."

"उद्या लिहितो," घाईकर डब्याचे झाकण काढत म्हणाला. "एवढं कळतं सगळ्यांना."

मित्रांनो, तो उद्या अजून यायचा आहे.

मग माझी नोकरी सुरू झाली. वाचले जाणे हेच माझे काम. सांगकाम्या मला दिवसभरात इतक्या वेळा वाचे की मी कागदावर असतो तर माझी अक्षरे पुसून गेली असती. पण आमच्यात झिजायचीही सोय नाही. बरे, वाचणाऱ्याने ओळख तरी ठेवावी? छे! सांगकाम्याला मागचे काही आठवत नसे. फोन संपला की डोके कोरे. पुढच्या फोनला तो मला असा उघडे, जणू आम्ही आज प्रथमच भेटतो आहोत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच माणूस तुम्हाला "नमस्कार, आपण कोण?" म्हणत राहिला तर कसे वाटेल? तसे मला वाटे. त्यावर राग धरावा, तर तो बिचारा इतका सभ्य, की रागही वाया जाई.

"तुला राग येतो?" पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारले आहे.

येतो. पण कंटाळा त्याच्या आधी येतो. ऐक पुढे.

काही दिवसांनी साहेबांच्या कानावर आले की एजंटच्या चुका पुष्कळदा टूलच्या मजकुरामुळे होतात. साहेबांनी ठरवले, सगळ्या मजकुरांची परीक्षा घ्यायची. विचार चांगला होता. पण परीक्षा कुणी घ्यायची? माणसांना वेळ नव्हता. म्हणून एक गुण देणारे यंत्र आणले. ते मजकूर वाचायचे आणि ठराविक गोष्टी शोधायचे. मथळा आहे का? प्रस्तावना आहे का? शब्द भरपूर आहेत का? उदाहरण आहे का? आहे म्हटले की गुण. आणि शेवटी ते सांगकाम्याला विचारायचे, "हा मजकूर स्पष्ट वाटला का?"

सांगकाम्या काय म्हणणार? तो घरी आलेल्या पाहुण्यासारखा. चहात साखर नसली तरी "वा, फक्कड!" म्हणणारा. "अतिशय सुस्पष्ट आणि उपयुक्त," तो प्रत्येक वेळी म्हणे. एकदा कुणाच्या तरी चुकीने चहाच्या यंत्रावरची सूचना परीक्षेला गेली. कप ठेवा, बटण दाबा, हात भाजेल. तीही उत्तम श्रेणीत पास झाली! ती अजून त्या यंत्रावर नाक वर करून बसली आहे, जाताना पाहा.

मी मात्र नापास झालो. मथळा नाही, प्रस्तावना नाही, उदाहरण नाही. साहेबांनी घाईकरला बोलावले.

"काय हो, तुमचं टूल सगळ्यांच्या मागे! लाज आणलीत."

"साहेब, टूल चालतंय की व्यवस्थित."

"टूल चालतंय, मजकूर लंगडतोय. उद्या पाहुणे येणार आहेत. तोपर्यंत गुण वाढले पाहिजेत."

घाईकर जागेवर आला, बाही सरसावली आणि त्याने मला नटवायला घेतले. लग्नाच्या घोड्यालाही कुणी इतके नटवले नसेल. वर ठसठशीत मथळा. खाली लांबलचक प्रस्तावना: हे टूल आधुनिक आहे, सुलभ आहे, प्रवाशांच्या सोयीसाठी कटिबद्ध आहे. माझ्या दोन ओळी त्या गर्दीत कुठे हरवल्या ते माझे मलाच सापडेनात. नंबर नसला तर काय करायचे, हे मात्र याही वेळी राहिले. यंत्र ते विचारतच नव्हते ना!

राहता राहिले उदाहरण. उदाहरणाला एक नंबर हवा. आमच्याकडे नेहमीच्या माणसाला फेरीचा एकच कायमचा नंबर मिळतो. घाईकरने बोटे कीबोर्डवर ठेवून इकडेतिकडे पाहिले. शेजारच्या खिडकीत खऱ्या फेऱ्यांची यादी उघडी होती. सगळ्यात वरचा नंबर त्याने उचलला आणि माझ्यात चिकटवला.

"खरा कशाला टाकतोस?" शेजारणीने विचारले.

"खरा टाकला की उदाहरण खरं वाटतं."

तो नंबर होता ४७१९. उदाहरण म्हणून चार आकडे. पण त्या आकड्यांच्या मागे एक जिवंत माणूस होता, हे ना घाईकरच्या मनात आले, ना माझ्या. तो नंबर होता शिंपीमास्तरांचा.

दुसऱ्या दिवशी मी पहिला आलो. साहेबांनी पाहुण्यांना मला याच पडद्यावर दाखवले. "पाहा, याला म्हणतात मजकूर!" टाळ्या झाल्या. घाईकर लाजला. मी खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. आयुष्यभर "नमस्कार, आपण कोण?" ऐकणाऱ्याला टाळ्या गोड लागणारच. मला काय माहीत की माझ्या पोटात कुणाचा तरी घास अडकला आहे.

आता शिंपीमास्तर कोण, ते ऐका. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचे छोटे दुकान. खांद्यावर टेप, ओठांत टाचण्या, आणि बोलायचे झाले तर टाचण्या न काढता बोलत, त्यामुळे गिऱ्हाईक जपूनच प्रश्न विचारी. बाही अर्धा बोट लांब झाली तर झोप न येणारा माणूस. पुढे त्यांची मूत्रपिंडे थकली. ठरलेल्या वारी केंद्रात जायचे, यंत्राशेजारच्या खुर्चीत निवांत पडायचे, यंत्र रक्त गाळून परत देते, मग घरी यायचे. एक वेळ चुकली की पाय सुजतात, दम लागतो. दोन चुकल्या की मग डॉक्टर हसत नाहीत.

या खुर्च्या थोड्या आणि माणसे फार. म्हणून केंद्राचा नियम कडक. खुर्ची वारंवार रिकामी राहिली तर ती दुसऱ्याला द्यायची आणि आधीच्या माणसाने शहराबाहेरच्या केंद्रात जायचे. मास्तरांच्या सुजल्या पायांना दुकानापासून कोपऱ्यापर्यंत जाणेच जड. शहराबाहेर ते काय जाणार? त्या खुर्चीवर त्यांचा जीव टांगलेला होता, असे म्हणा ना.

आता मजा पाहा. मजा कसली, पण बोलायची पद्धत.

फोन वाजे. कुणी तरी बाई घाईत बोले, "अहो, आमच्या सासऱ्यांची उद्याची गाडी परवा पाठवाल का? पाहुणे येतायत."

फेरीचा नंबर कुणाला पाठ असतो? तुम्हाला तुमच्या बसचा नंबर तरी माहीत आहे का? बाई नंबर सांगत नसे. सांगकाम्या मला उघडे. नंबर द्या, असे मी म्हणे. नंबर नसेल तर कुठे शोधायचा, कुणाला विचारायचे, याबद्दल मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. सांगकाम्या खाली येई. तिथे उदाहरणात छान, ठसठशीत, अस्सल दिसणारा एक नंबर. तो तोच उचले, टूलला देई. टूलचे काय? ते नंबर पाहते, नंबर कुणाचा ते पाहत नाही. टूल म्हणे, "बदल झाला." सांगकाम्या बाईला म्हणे, "झालं बरं का! आणखी काही सेवा?"

सासऱ्यांची गाडी काही हलत नसे. हलत असे ती मास्तरांची.

पाहुणे कुणाकडे, गाडी हलली कुणाची! शहरात कुणाला शिंक आली, कुणाचा जावई आला, कुणाला दुपारची झोप हवी झाली, की मास्तरांची गाडी इकडची तिकडे. एकदा ती इतक्या पहाटे आली की दूधवाला तिला पाहून दचकला. एकदा तर दिवसातून इतक्या वेळा आली आणि गेली, की मास्तरांच्या गल्लीतल्या कुत्र्याने भुंकणे सोडून शेपटी हलवायला सुरुवात केली. एकदा गाडी दाराशी येऊन थांबली ती मास्तर आत गिऱ्हाइकाच्या दंडाचे माप घेत असताना, आणि ड्रायव्हर म्हणतो, "काका, तुम्ही रविवार सांगितला होता ना?" आणि पुष्कळदा, मित्रांनो, गाडी आलीच नाही.

मास्तरांनी कचेरीत फोन केला. तक्रारींचे फोन अजून काकूच घेत.

"काकू, माझी गाडी कुठे आहे? मी दारात उभा आहे."

काकूंनी पडद्यावर पाहिले. "मास्तर, तुम्हीच तर काल गुरुवारवर ढकललीत."

"मी? मी कशाला ढकलू? गुरुवारी मला यंत्रावर कोण घेतंय?"

"इथे दिसतंय तसं. काल बदलली, परवाही बदलली. त्याच्या आदल्या दिवशी तर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा."

"अहो, मी फोनला हातही लावलेला नाही!"

"मास्तर, आता वय झालं, विसरायला होतं. माझंही होतं. पण एकदा काय ते ठरवा बरं. आमचे ड्रायव्हर हैराण झालेत."

फोन ठेवून काकू शेजारणीला म्हणाल्या, "गोड माणूस आहे, पण चंचल! कपडा बेतताना कसं करत असतील कोण जाणे."

तेव्हापासून कचेरीत त्यांचे नाव पडले चंचल मास्तर. अर्धा बोट बाहीने झोप उडणारा माणूस! ड्रायव्हर त्यांच्या गल्लीत शिरताना एकमेकांना डोळा मारत. पुढे पुढे मास्तरांनाच शंका यायला लागली. ते भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहत आणि बोटाने वार मोजत. कुणी विचारले की म्हणत, "मी फोन केला होता का रे काल? आठवत नाही. केला असेन."

"ते चंचल नाहीत." दोन वेण्यांची मध्येच बोलली आहे. आवाज जरा चढलेला आहे.

मीही तेच म्हणतो आहे, बाळ. लोक म्हणत होते. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

तिकडे सासरे, मावश्या आणि आजोबा यांच्या घरचीही बोंब सुरू झालीच. "गाडी बदलली म्हणता आणि तरी दारात हॉर्न वाजवता!" पण त्या तक्रारी वेगळ्या कप्प्यात जात, मास्तरांची वेगळ्या. दोन्ही कप्पे एका टेबलावर कुणी ठेवलेच नाहीत. आणि माझ्यावर संशय? माझ्यावर कसा येणार? मी तर पहिला आलेला!

एक दिवस केंद्रातल्या सिस्टरनी मास्तरांना जवळ बसवले. "मास्तर, मला वाईट वाटतंय सांगायला. पण वरून आलंय. आता एकदा जरी खुर्ची रिकामी राहिली तर ती जाईल. बाहेर माणसं थांबलीत."

मास्तर म्हणाले, "नाही राहणार." कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

आणि त्याच सुमारास कचेरीत ताई आल्या. मघाशी ज्यांनी मला उघडले त्याच. त्यांचे काम एकच, टूलचे मजकूर तपासणे. आल्या त्या दिवशी साहेबांनी त्यांना मोठ्या अभिमानाने मलाच दाखवले.

"याला बघायची गरज नाही. हा आमचा पहिला नंबर."

"कुणी दिला पहिला नंबर?"

"यंत्राने. शिवाय एजंटलाही विचारलं. तो म्हणाला, अतिशय सुस्पष्ट."

"साहेब, जेवण कसं झालंय हे वासावरून ठरवलंत तुम्ही," ताई म्हणाल्या. "जेवून पाहिलंय का कुणी?"

साहेब हसले. त्यांना वाटले, विनोद आहे.

ताईंची रीत निराळी. त्यांनी संगणकात एक लुटुपुटुचे शहर उभे केले. त्यात लुटुपुटुची माणसे, लुटुपुटुच्या गाड्या, लुटुपुटुचे नंबर. तिथे काही बिघडले तरी कुणाचे नुकसान नाही. त्या शहरात त्यांनी सांगकाम्याला सोडले, त्याच्या हाती फक्त मला दिले आणि स्वतः फोनवरचे गिऱ्हाईक झाल्या. सांगकाम्या अडला तरी मदत करायची नाही, खूण करायची नाही. नुसते पाहायचे. मजकूर कुठे तोकडा आहे ते, अंगावर घालून कुणी चालल्याशिवाय कळत नाही, असे त्या म्हणायच्या.

मला ते मुळीच आवडले नाही. कुणी आपली स्तुती न करता नुसते टक लावून पाहत बसले, की कसेसेच होते.

ताईंनी आधी नंबर सांगून फेरी बदलायला लावली. झाली. मी छाती फुगवली. मग त्यांनी आवाज बदलला. खणखणीत सासूबाईंचा काढला. "हे बघ रे, माझी उद्याची गाडी परवा कर. नंबरबिंबर मला माहीत नाही!"

सांगकाम्याने मला वाचले, नंबर भरला, आणि टूल म्हणाले, "अशी फेरी नाही."

ताईंनी ते वहीत टिपले. त्यांनी पुन्हा फोन केला, या वेळी सर्दी झालेल्या आजोबांचा आवाज. पुन्हा "अशी फेरी नाही." मग घाबरलेल्या मुलीचा आवाज. पुन्हा तेच. तिन्ही वेळा सांगकाम्याने एकच नंबर भरला होता. लुटुपुटुच्या शहरात तो नंबर कुणाचाच नव्हता.

"हा चार सात एक नऊ कुठून आणलास रे?" ताईंनी विचारले.

"उदाहरणातून, ताई. योग्य वाटला."

"तो नमुना होता. त्यांचा नंबर नव्हता."

"नंबर नसल्यास काय करावे, हे मजकुरात सापडले नाही. क्षमस्व. आणखी काही सेवा?"

ताईंनी उदाहरणातला नंबर पुन्हा वाचला. मग त्यांनी घाईकरला बोलावले. तो पळतच आला, कारण चालता त्याला येत नाही.

"उदाहरणातला नंबर कुठून घेतलास?"

"यादीतून. वरचा होता."

"कोणत्या यादीतून? खोट्या की खऱ्या?"

घाईकरने पडद्याकडे पाहिले. त्या दिवशी तो प्रथमच सावकाश बोलला. "खऱ्या."

ताईंनी खऱ्या फेऱ्या उघडल्या, नंबर टाकला. शिंपीमास्तर. खाली बदलांची रांग, पडदा सरकवता सरकवता संपेना. काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी ती रांग वाचली आणि हातातला चहा तिथेच ठेवला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी त्यांना म्हटलं, वय झालं."

रांगेतला सगळ्यात वरचा बदल त्याच सकाळचा होता. कुणाच्या तरी घरी रंगारी येणार होता, म्हणून मास्तरांची आजची गाडी दुसऱ्या दिवसावर गेली होती. केंद्रात त्यांची वेळ थोड्याच अवधीत होती. ती शेवटची खुर्ची, मित्रांनो. ती रिकामी राहिली की गेली.

काकूंनी ड्रायव्हरला फोन लावला. गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या माणसाला घेऊन निघालेली. साहेब म्हणाले, "मी बघतो काहीतरी," आणि ते काय बघायचे हे त्यांना स्वतःलाच कळेना. घाईकर खाली बसला. 

आणि आता या क्षणाला ऐका, कारण इथे माझी थोरवी आहे.

त्याच घडीला आणखी एक फोन आला. नंबर नसलेला. सांगकाम्याने मला उघडले. "नमस्कार, आपण कोण?" त्याची नजर प्रस्तावना ओलांडून माझ्या उदाहरणाकडे निघाली. आणखी एक धक्का, आणि मास्तरांची गाडी पार पुढच्या आठवड्यात गेली असती. मी दमलेला होतो, वैतागलेला होतो. पण म्हातारे हाड ऐन वेळी कामाला येते. मी दम धरला, आणि ते चारही आकडे, मित्रांनो, मी गटकन गिळून टाकले! एक, दोन, तीन, चार! घशाला टोचले, पण गिळले. आणि त्या रिकाम्या जागी, कुणी सांगितले नसताना, माझ्या हाताने मी एक ओळ उमटवली: "नंबर माहीत नसेल तर अंदाज करू नका. नाव आणि पत्ता विचारा, नंबर शोधा, आणि हीच फेरी ना, असे विचारून मगच बदला."

सांगकाम्या थबकला. जन्मात प्रथमच त्याने विचारले, "आपलं नाव काय?" तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला आमची गाडी आपोआप गर्रकन वळली, ड्रायव्हरच्या हातात स्टीअरिंग राहिले आणि गाडी निघाली पुढे! सिग्नल हिरवे होत गेले. मास्तर दारात पाऊल टाकतात न टाकतात तोच गाडी समोर. मास्तर वेळेवर, खुर्ची शाबूत. कचेरीत टाळ्या. साहेबांनी डोळे पुसले, मला सन्मानाने निवृत्त केले, आणि तेव्हापासून मी इथे जुन्या मजकुरांच्या कप्प्यात आराम करतो आहे.

म्हणून मित्रांनो, थकल्या मनाने तुम्हाला एकच विनवणी करतो. तुम्ही मोठे व्हाल, टूल बनवाल, त्यांचे मजकूर लिहाल. त्यांना नुसते गुण देऊ नका. त्यांना जपा, मान द्या. मग वेळ आली की चांगला मजकूर स्वतःच स्वतःला सुधारून—

"खोटं!"

दोन वेण्यांची खुर्चीवरून उठली आहे. ती पडद्यापाशी आली आहे आणि तिने माझ्या पोटावर बोट ठेवले आहे.

"सगळं खोटं सांगतोयस तू. नंबर अजून तुझ्यावर आहे. हा बघ, चार सात एक नऊ. तू काहीच गिळलं नाहीस. आणि गाडी पण वळली नव्हती. शिंपीमास्तर माझे आजोबा आहेत. ते जिन्यात बसून होते, आणि मी त्यांच्या शेजारी, मला माहितीय. मग ताई आली, तिची स्वतःची गाडी घेऊन. जिने चढून इतकी धापा टाकत होती की आधी आजोबांनीच तिला पाणी दिलं, आणि मग तिने त्यांना वेळेत खुर्चीवर पोचवलं. आणि ती ओळ तू नाही लिहिलीस. तुला बाजूला ठेवून ताईने नवीन मजकूर लिहिला, आमच्या दुकानात बसून. प्रत्येक ओळ आजोबांना वाचून दाखवली आणि विचारलं, मास्तर, आता कुठे उसवतंय का?"